स्तनपंप

स्तनपंप (बोलीत ब्रेस्ट पंप) हे स्तनदा मातेच्या स्तनातील दूध बाहेर काढण्याचे उपकरण आहे. बाळ मुदतीपूर्वी जन्मल्यामुळे किंवा आजारी असल्यामुळे अंगावर पिऊ शकत नसेल, आई कामानिमित्त रोज काही तास बाळापासून दूर राहणार असेल, किंवा स्तन दाटून आल्यामुळे बाळाला ते तोंडात धरता येत नसतील, तर या उपकरणाचा उपयोग होतो. काढलेले दूध वाटी-चमच्याने, पेल्याने किंवा बाटलीने बाळाला पाजले जाते.

स्तनपंप हे स्तनपानाचे आवश्यक साधन नाही. बाळ अंगावर नीट पीत असेल आणि आई त्याच्याजवळ असेल, तर पंपाची गरज पडत नाही. ज्यांना तो लागतो त्यांच्या गरजाही एकसारख्या नसतात. त्यामुळे पंपाची निवड त्याच्या किमतीपेक्षा तो कशासाठी व दिवसातून किती वेळा वापरायचा आहे, स्तनाला लावायचा कप योग्य मापाचा आहे का आणि उपकरण पूर्णपणे स्वच्छ करता येते का, या बाबींवर अवलंबून असते.

कार्यपद्धती

स्तनातील दुधाच्या निर्मितीवर प्रामुख्याने प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन या दोन संप्रेरकांचा प्रभाव असतो. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे दूधग्रंथींभोवतालचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावून दूध नलिकांमधून पुढे ढकलले जाते. या दुसऱ्या क्रियेलाच पान्हा फुटणे म्हणतात. बाळाचा स्पर्श, त्याचे रडणे, एवढेच नव्हे तर त्याची आठवणही पान्हा फुटण्यास पुरेशी ठरू शकते. याउलट वेदना, भीती व ताण यांमुळे पान्हा लांबू शकतो.

बाळ अंगावर पिताना आधी जलद व उथळ चोखते आणि पान्हा फुटल्यावर संथ व खोल घोट घेते. अनेक विद्युत पंप याच क्रमाचे अनुकरण करतात. त्यांत पहिल्या टप्प्यात जलद व हलकी खेच असते आणि दुसऱ्या टप्प्यात संथ व अधिक जोराची. पंप कपाच्या आत हवेचा दाब कमी करतो व पुन्हा पूर्ववत होऊ देतो. या आवर्तनामुळे स्तनाग्र कपाच्या नळीत ओढले जाते व दूध बाहेर येते.

दूध स्तनातून जितके नियमितपणे बाहेर पडते तितके ते तयार होत राहते. दूध स्तनात साचून राहिले तर निर्मिती मंदावते. पंपाच्या वापराचे वेळापत्रक या तत्त्वावर आधारलेले असते.

पंपाने निघालेले दूध हे स्तनात तयार होणाऱ्या दुधाचे माप नव्हे. नीट पिणारे बाळ अनेकदा पंपापेक्षा अधिक दूध काढते. पहिलटकरणीला पहिल्या प्रयत्नात केवळ तळ झाकण्यापुरते दूध मिळाले, तर त्यावरून दूध कमी असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. बाळाला दूध पुरते की नाही हे त्याच्या वजनातील वाढीवरून आणि त्याने ओल्या केलेल्या दुपट्यांच्या संख्येवरून ठरवले जाते.

हाताने दूध काढणे

दूध काढण्याची सर्वांत जुनी व बिनखर्चाची पद्धत म्हणजे हाताने दूध काढणे. हात साबणाने धुऊन अंगठा व तर्जनी स्तनमंडलाच्या दोन विरुद्ध कडांवर ठेवतात. बोटे प्रथम छातीच्या दिशेने मागे दाबून नंतर एकमेकांकडे दाबतात व सैल सोडतात. बोटे कातडीवर घासली जाऊ नयेत आणि स्तनाग्र पिळले जाऊ नये, अशी काळजी घेतली जाते.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे चिकाचे दूध अत्यल्प व दाट असते. ते पंपाच्या कपात व नळीतच चिकटून राहते. त्यामुळे या काळात हाताने काढून चमच्यात किंवा लहान वाटीत घेणे अधिक सोयीचे असते. दूध काढण्याच्या पद्धतींविषयीच्या संशोधनाचा कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये घेतलेला आढावा असे सांगतो की, दूध काढण्यास लवकर सुरुवात करणे, मालिश, मन शांत ठेवणे, हाताने दूध काढणे व कमी किमतीचे पंप यांसारखे उपाय काही बाबतींत मोठ्या विद्युत पंपांइतकेच किंवा त्यांहून अधिक परिणामकारक ठरू शकतात.

इतिहास

अमेरिकेत ऑर्वेल नीडहॅम यांना १८५४ मध्ये स्तनपंपाचे एकस्व मिळाले. एकोणिसाव्या शतकात काचेचे भांडे व रबरी फुगा असलेले पंप वापरात होते. त्यांचा उपयोग मुख्यतः दाटलेले स्तन मोकळे करण्यासाठी किंवा आत वळलेली स्तनाग्रे बाहेर आणण्यासाठी होत असे. १९२० च्या दशकात अभियंता व प्रसिद्ध बुद्धिबळपटू एडवर्ड लास्कर यांनी विजेवर चालणारा पंप तयार केला. स्वीडनमधील अभियंता आइनर एग्नेल यांनी १९५६ मध्ये अधिक सौम्य व सुरक्षित खेच असलेला पंप बनवला आणि पुढील काळात रुग्णालयांत तशा रचनेचे पंप रूढ झाले. ओल्ले लार्सन यांनी १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मेडेला ही कंपनी स्थापन केली. १९९० च्या दशकात घरी वापरता येतील असे लहान विद्युत पंप बाजारात आले. अंतर्वस्त्रात बसवून वापरायचे बिनतारी पंप त्यानंतरच्या काळातील आहेत.

प्रकार

हातपंप: दांडा दाबून खेच निर्माण केली जाते. तो हलका, आवाज न करणारा व तुलनेने स्वस्त असतो आणि त्याला वीज लागत नाही. भारनियमन असलेल्या भागात, प्रवासात किंवा अधूनमधून दूध काढण्यासाठी तो पुरेसा असतो. रोज अनेकदा वापरल्यास मनगट दुखू शकते.

रबरी फुग्याचा पंप: हा औषधाच्या दुकानात सर्वांत स्वस्त मिळणारा प्रकार आहे. दूध फुग्यात शिरल्यास तो आतून स्वच्छ करता येत नाही आणि खेचेवरही नियंत्रण राहत नाही. म्हणून त्याचा वापर टाळावा, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो.

सिलिकोनचा संचयक: हा एकसंध मऊ कप स्तनावर दाबून चिकटवला जातो. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने गळणारे दूध त्यात साठते. तो पूर्ण पंपाची जागा घेत नाही.

एकेरी व दुहेरी विद्युत पंप: एकेरी पंपाने एका वेळी एका स्तनातील, तर दुहेरी पंपाने दोन्ही स्तनांतील दूध काढता येते. दुहेरी पंपामुळे वेळ सुमारे निम्म्याने वाचतो. त्यामुळे नोकरीच्या ठिकाणी, ठरलेल्या सुट्टीत दूध काढणाऱ्या मातांसाठी तो सोयीचा असतो.

अंगावर घालायचे बिनतारी पंप: यांत हात मोकळे राहतात. परंतु कप नीट बसला आहे का, हे वापरताना दिसत नाही, सुटे भाग अधिक असतात व किंमतही जास्त असते.

रुग्णालयीन पंप: हे अनेक मातांनी आळीपाळीने वापरण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्या यंत्रात दूध शिरू नये अशी रचना असते आणि प्रत्येक मातेसाठी कप, नळ्या व बाटल्यांचा संच वेगळा असतो. मोठ्या शहरांत असे पंप भाड्याने मिळतात. मात्र ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नसल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले आहे. त्यामुळे केवळ खोक्यावरील या शब्दावरून दर्जा ठरवता येत नाही.

निवडीचे निकष

खरेदीची वेळ: बाळंतपणाच्या तयारीच्या यादीत पंपाचा समावेश अनेकदा केला जातो. परंतु गरज पडेल की नाही व कोणत्या प्रकाराची पडेल, हे बहुतेक वेळा प्रसूतीनंतरच कळते. शिवाय गरोदरपणात व त्यानंतर स्तनाग्रांच्या आकारात बदल होतो. बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागेल अशी शक्यता डॉक्टरांनी आधीच सांगितली असेल, तर पंपाची सोय आधी करणे उपयुक्त ठरते.

वापराची वारंवारता: आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर जाण्यासाठी हातानेच दूध काढणे किंवा हातपंप पुरेसा होतो. नोकरीमुळे रोज दोन-तीन वेळा दूध काढायचे असेल तर दुहेरी विद्युत पंप सोयीचा असतो. बाळ अंगावर अजिबात पीत नसेल, तर दूध टिकवण्यासाठी चोवीस तासांत सुमारे ८ ते १२ वेळा, रात्रीसह, दूध काढावे लागते. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच याची सुरुवात करणे महत्त्वाचे असते. अशा वेळी पहिले काही आठवडे रुग्णालयीन पंप भाड्याने घेण्याचा सल्ला दिला जातो.

कपाचे माप: स्तनाला लावायच्या नरसाळ्याच्या आकाराच्या कपाला फ्लँज म्हणतात. त्याचे माप म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास. अनेक पंपांसोबत २४ मिमीचा कप येतो, परंतु तो सर्वांना बसतोच असे नाही. माप ठरवण्यासाठी स्तनाग्राचा मुळाशी असलेला व्यास मोजला जातो आणि कप त्याहून किंचित मोठा निवडला जातो. दोन्ही बाजूंचे माप वेगळे असू शकते. योग्य कपात स्तनाग्र नळीच्या मध्यभागी मोकळेपणाने मागेपुढे सरकते. ते कडेला घासत असेल, पांढरे पडत असेल किंवा दुखत असेल तर कप लहान असण्याची शक्यता असते. स्तनमंडलाचा बराच भाग नळीत ओढला जात असेल तर कप मोठा असतो. चुकीच्या मापामुळे स्तनाग्राला जखमा होतात व दूधही पूर्ण निघत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या मापांचे कप ज्या पंपासाठी मिळतात, तो पंप अधिक उपयुक्त ठरतो.

खेचेचे नियंत्रण: अधिक जोराची खेच म्हणजे अधिक दूध, हा समज चुकीचा आहे. वेदना होत असतील तर पान्हा फुटण्यास अडथळा येतो. त्रास न होता सहन होईल इतकीच खेच ठेवणे योग्य असते. त्यासाठी खेच व वेग हे दोन्ही स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारा पंप सोयीचा असतो.

बंद व खुली रचना: बंद रचनेच्या पंपात दूध व मोटार यांच्यामध्ये पडदा असतो, त्यामुळे दूध किंवा बाष्प नळ्यांतून यंत्रात जात नाही. खुल्या रचनेत ते जाऊ शकते आणि आतील बुरशी बाहेरून दिसत नाही.

सुटे भाग: पंपातील झडपा व पडदे वापराने सैल पडतात. झडप झिजली की खेच कमी होते व दूध कमी निघते. अनेकदा आईचेच दूध आटले, असा त्याचा अर्थ लावला जातो. झडपा, पडदे व नळ्या स्थानिक दुकानात किंवा घरपोच सहज मिळतात का, हे खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक असते.

वापरलेला पंप: नात्यात किंवा मैत्रिणीकडून वापरलेला पंप घेण्याची पद्धत आहे. वैयक्तिक वापराचे बहुतेक पंप एकाच मातेसाठी बनवलेले असतात. नळ्या व कप बदलले तरी खुल्या रचनेच्या यंत्राच्या आतील भागातून संसर्गाचा धोका राहतो.

स्वच्छता

पंपाच्या भागांत राहिलेले दूध जंतूंच्या वाढीस पोषक असते. मुदतपूर्व जन्मलेल्या व दोन महिन्यांखालील बाळांना अशा संसर्गाचा धोका अधिक असतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या (सीडीसी) सूचनांनुसार, दुधाचा स्पर्श होणारे सर्व भाग प्रत्येक वापरानंतर सुटे करून धुवावेत. त्यासाठी स्वयंपाकघरातील मोरीत थेट न ठेवता वेगळे पातेले व वेगळा ब्रश वापरावा. साबणाच्या गरम पाण्याने धुतल्यावर भाग फडक्याने न पुसता स्वच्छ कापडावर हवेत वाळवावेत. लहान व नाजूक प्रकृतीच्या बाळांसाठी ते दिवसातून एकदा ५ मिनिटे पाण्यात उकळावेत किंवा वाफेने निर्जंतुक करावेत. नळ्यांत बुरशी दिसल्यास त्या बदलाव्या लागतात. ज्या पंपाचे भाग पूर्ण सुटे होत नाहीत किंवा ज्यांच्या खाचांत ब्रश पोहोचत नाही, तो पंप रोजच्या वापरास गैरसोयीचा असतो.

दुधाची साठवण

सीडीसीच्या सूचनांनुसार, निरोगी व पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस व फ्रीझरमध्ये सुमारे ६ महिने चांगले राहते. गोठवलेले दूध फ्रीजमध्ये वितळल्यावर २४ तासांत वापरावे व पुन्हा गोठवू नये. बाळाने तोंड लावलेले दूध उरल्यास २ तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे. विदर्भ, मराठवाड्यासारख्या भागांत उन्हाळ्यात घरातील तापमान २५ अंशांच्या बरेच वर असते. तेथे ४ तासांची मुदत गृहीत न धरता दूध लगेच फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पिशव्या असलेल्या डब्यात ठेवणे सुरक्षित असते. फ्रीजच्या दारात तापमान सतत बदलते, म्हणून दूध आतल्या बाजूस ठेवतात व त्यावर तारीख लिहितात.

साठवलेल्या दुधावर साय येऊन थर वेगळे होतात. हे दूध नासल्याचे लक्षण नाही. भांडे हलकेच फिरवल्यास ते पुन्हा एकजीव होते. दूध कोमट पाण्यात भांडे ठेवून गरम केले जाते. मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापते व बाळाचे तोंड भाजू शकते.

केवळ अंगावरच्या दुधावर असलेले एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाकाठी सरासरी ७५० मिलीच्या आसपास, म्हणजे तासाला सुमारे ३० मिली दूध पिते. त्यामुळे नऊ तास बाहेर राहणाऱ्या आईला साधारण २७० मिली दूध मागे ठेवावे लागते. महिनोन्महिने पुरेल असा मोठा साठा करण्याची गरज नसते.

दूध पाजण्याची साधने

काढलेले दूध पाजण्यासाठी बाटली अनिवार्य नाही. महाराष्ट्रात बाळाला दूध पाजण्यासाठी चोच असलेले बोंडले आणि वाटी-चमचा यांचा वापर परंपरेने होत आला आहे. दक्षिण भारतातील पलादै हे याच प्रकारचे भांडे असून भारतातील अनेक रुग्णालयांत ते मुदतपूर्व बाळांसाठी वापरले जाते. उघडी व गुळगुळीत भांडी धुणे व उकळणे सोपे असते, हा त्यांचा मुख्य फायदा आहे. बाळाला किंचित उभे धरून, दूध घशात न ओतता ओठांशी टेकवून, त्याच्या गतीने पाजावे लागते.

बाटली निवडायची झाल्यास रुंद तोंडाची, कमी भागांची व आतून ब्रश फिरेल अशी बाटली श्रेयस्कर असते. काचेच्या बाटल्या ओरखडत नाहीत व उकळता येतात, परंतु जड व फुटणाऱ्या असतात. स्टीलच्या बाटल्या टिकाऊ असल्या तरी त्यांतील दुधाची पातळी दिसत नाही. प्लास्टिकपैकी पॉलिकार्बोनेटमध्ये बिस्फेनॉल-ए हे रसायन असते. युरोपीय संघाने २०११ मध्ये व अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांसाठी त्याचा वापर थांबवला. सध्या बहुतांश प्लास्टिकच्या बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यांत उकळते पाणी ओतून हलवल्यास सूक्ष्म प्लास्टिकचे कण मोठ्या प्रमाणात सुटतात, असे २०२० मध्ये ‘नेचर फूड’ या नियतकालिकातील अभ्यासात आढळले. अशा बाटल्या निर्जंतुक केल्यावर उकळून थंड केलेल्या पाण्याने विसळणे व त्यांत फार गरम द्रव न भरणे, ही खबरदारी घेता येते. ओरखडे पडलेली किंवा धुरकट झालेली बाटली बदलली जाते.

निपलच्या प्रवाहाचे क्रमांक सर्व कंपन्यांत सारखे नसतात. अंगावरही पिणाऱ्या बाळासाठी सर्वांत संथ प्रवाहाचे निपल निवडले जाते. बाटली आडवी धरून व मध्ये मध्ये थांबून पाजल्यास बाळाला स्वतःच्या गतीने पिता येते. बाटलीची ओळख फार लवकर झाल्यास काही बाळे अंगावर पिण्यास कुरकुर करतात. त्यामुळे अंगावर पिणे नीट रुळेपर्यंत, साधारण पहिले तीन-चार आठवडे, बाटली टाळण्याचा सल्ला दिला जातो.

भारतातील कायदेशीर तरतुदी

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या कक्षेत दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या व निपल यांचा समावेश आहे. भारतात त्या अनुषंगाने अर्भक दुग्धपर्याय, दूधबाटल्या व अर्भक आहार यांविषयीचा कायदा १९९२ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. या कायद्यानुसार दूधबाटल्यांची जाहिरात करता येत नाही, तसेच त्यांच्या प्रसारासाठी मातांना मोफत नमुने किंवा भेटवस्तू देता येत नाहीत. बाटलीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असणे आवश्यक आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी आयएस १४६२५ हे मानक आहे. स्तनपंपाचा या कायद्यात उल्लेख नाही, त्यामुळे पंपाच्या जाहिराती करता येतात.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवडे झाली. त्यातील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. पूर्ण ८ आठवडे आधी घेतल्यास प्रसूतीनंतर १८ आठवडे उरतात, म्हणजे बाळ सुमारे चार महिन्यांचे असताना आई कामावर परतते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध देण्याची शिफारस करते. या मधल्या काळात दूध काढून ठेवण्याची गरज सर्वाधिक भासते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी देणे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करून आईला तेथे दिवसातून चार वेळा जाऊ देणे, या तरतुदीही कायद्यात आहेत. पाळणाघर जवळ असल्यास आईला पंपाऐवजी थेट अंगावर पाजता येते. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार बहुतेक आरोग्य विम्यांतून पंपाचा खर्च मिळतो, त्यामुळे तेथे राहणाऱ्या मातांना तो खरेदी करण्यापूर्वी विमा कंपनीकडे चौकशी करता येते.

मानवी दुग्धपेढ्या

गरजेपेक्षा अधिक दूध असलेल्या मातांना ते दुग्धपेढीत दान करता येते. आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात सुरू झाली. दात्या मातांची तपासणी करून त्यांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले जाते आणि ज्यांच्या मातांचे दूध उपलब्ध नसते अशा आजारी व मुदतपूर्व बाळांना दिले जाते.

वैद्यकीय सल्ला

स्तनावर लालसर, गरम व दुखरी गाठ येऊन ताप आल्यास ते स्तनदाहाचे लक्षण असू शकते व डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो. अशा वेळी स्तनपान एकाएकी बंद करणे हितावह नसते. दूध पूर्ण काढण्याच्या प्रयत्नात पंपाचा अतिवापर केल्यास दुधाची निर्मिती व सूज दोन्ही वाढू शकतात. बाळाचे वजन वाढत नसल्यास, ते सुस्त असल्यास किंवा लघवी कमी करत असल्यास पंप बदलण्यापूर्वी बाळ अंगावर नीट धरते आहे का, याची तपासणी बालरोगतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित स्तनपान सल्लागाराकडून करून घेतली जाते.